वृद्धांचे माध्यमिक शिक्षण : पोर्तुगाल व भारत यांच्यातील तुलनेची चिकित्सा
(मोरजी, तालुका पेडणे, यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

एखाद्या देशातील प्रौढ लोकसंख्येपैकी किती जणांनी माध्यमिक शिक्षण पूर्ण केले आहे, हा आकडा आज देशाच्या प्रगतीचे माप म्हणून सर्रास वापरला जातो. तरुणांच्या बाबतीत हे माप बऱ्याच अंशी उपयोगी ठरते, कारण त्यावरून चालू शाळाव्यवस्थेची स्थिती कळते. वृद्धांच्या बाबतीत मात्र तोच आकडा वेगळेच काही सांगत असतो. सत्तर वर्षांच्या माणसाने दहावी केली की नाही, हे त्याच्या आजच्या बुद्धीवरून किंवा कष्टावरून ठरलेले नसते. साठ वर्षांपूर्वी त्याच्या गावात शाळा होती का, ती कोणत्या भाषेत चालत होती, तिथपर्यंत पोहोचायला नदी ओलांडावी लागत होती का आणि तिचे प्रमाणपत्र पुढच्या सरकारने मानले का, यावर ते ठरलेले असते. म्हणून वृद्धांच्या माध्यमिक शिक्षणाचा आकडा हा माणसांचा कमी आणि त्या काळच्या राज्याचा अधिक असतो.

प्रस्तुत लेखात या मुद्द्याची चिकित्सा पोर्तुगाल आणि भारत या दोन देशांच्या तुलनेतून केली आहे. तुलनेसाठी भारताच्या बाजूने संपूर्ण देश न घेता उत्तर गोव्यातील मोरजी हे पेडणे तालुक्यातील गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. याला कारण आहे. शापोरा नदीच्या मुखाशी वसलेल्या या गावात १९ डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेला प्रत्येक माणूस पोर्तुगीज राज्यात जन्मला. त्यामुळे मोरजीचा वृद्ध आणि पोर्तुगालमधील खेड्यातला त्याच वयाचा वृद्ध हे दोघे आज दोन देशांच्या कोष्टकांत असले, तरी बालपणी एकाच सरकारचे प्रजाजन होते. एरवी दोन देशांची तुलना करताना जी गोष्ट हाती लागत नाही, ती येथे हाती लागते.

‘माध्यमिक’ या शब्दाची अडचण

तुलनेतील पहिला दोष शब्दातच आहे. भारतीय जनगणनेच्या कोष्टकात शिक्षणाच्या पायऱ्या प्राथमिकपेक्षा कमी, प्राथमिक, मिडल, मॅट्रिक अथवा माध्यमिक, उच्च माध्यमिक आणि पदवी अशा मांडलेल्या असतात. येथे ‘माध्यमिक’ म्हणजे दहावी. आर्थिक सहकार्य व विकास संघटना, म्हणजेच ओईसीडी, पोर्तुगालसारख्या आपल्या सदस्य देशांची जी आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करते, तिच्यात मुख्य रेषा ‘उच्च माध्यमिक’ शिक्षणाची असते. ती साधारणपणे आपल्या बारावीच्या जवळ जाते. उलट ज्या सहावी ते आठवीच्या वर्गांना आपण उच्च प्राथमिक म्हणतो, त्यांना युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात कनिष्ठ माध्यमिक धरले जाते. म्हणजे एकच आठवी पास माणूस एका कोष्टकात माध्यमिकच्या आत बसतो आणि दुसऱ्यात बाहेर राहतो. एका देशाची दहावी आणि दुसऱ्या देशाची बारावी समोरासमोर ठेवून काढलेला निष्कर्ष कितीही टक्केवारीनिशी मांडला, तरी तो तुलना या नावाला पात्र नाही.

जुन्या पिढीच्या बाबतीत ही अडचण आणखी वाढते. मुंबई इलाख्यातील मॅट्रिक ही अकरा वर्षांच्या शिक्षणानंतरची परीक्षा होती. चार इयत्ता मराठी आणि त्यानंतर सात इयत्ता इंग्रजी असा तिचा क्रम होता. पुढे आलेली एस.एस.सी.ही १९७५ च्या सुमारास दहा अधिक दोन हा आकृतिबंध येईपर्यंत अकरावीलाच होत असे. पोर्तुगीज व्यवस्थेत चार वर्षांच्या प्राथमिक शिक्षणानंतर लिसेवची सात वर्षे असत. त्यातील पाचवे वर्ष उत्तीर्ण झालेल्याचे एकूण शिक्षण नऊ वर्षांचे होई आणि सातवे वर्ष उत्तीर्ण झालेल्याचे अकरा वर्षांचे. लिसेवचे पाचवे वर्ष पूर्ण करून कचेरीत नोकरीला लागलेला गोमंतकीय आपल्या समाजात चांगला शिकलेला समजला जाई. त्याला आजच्या दहावीच्या रकान्यात घालावे की त्याखालच्या रकान्यात, हा प्रश्न कोष्टक भरणाऱ्याच्या मर्जीवर राहतो.

याहून बोलके उदाहरण मराठी सातवीचे आहे. व्हर्नाक्युलर फायनल या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षक होऊ शकत असे. ज्याने दोन पिढ्यांना अक्षरओळख करून दिली, तो शिक्षक स्वतः मात्र आजच्या कोष्टकात माध्यमिकच्या रेषेखाली मोजला जातो. आकडा येथे खोटे बोलत नाही, पण जे सांगतो त्याचा अर्थ आपण चुकीचा लावतो.

पोर्तुगाल : राज्यकर्त्या देशातील अल्पशिक्षित वृद्ध

गोव्यातील सामान्य चर्चेत पोर्तुगीज शिक्षणाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मतानुसार जुने पोर्तुगीज शिक्षण उच्च दर्जाचे होते आणि त्या पिढीला चार-चार भाषा येत. दुसऱ्या मतानुसार पोर्तुगीजांनी गोमंतकीयांना जाणूनबुजून अडाणी ठेवले आणि स्वतःच्या देशात मात्र सर्व सोयी केल्या. पोर्तुगालमधील वृद्धांची आकडेवारी पाहिली की ही दोन्ही मते अपुरी ठरतात.

ओईसीडीच्या २००५ सालच्या आकडेवारीनुसार पोर्तुगालमधील ५५ ते ६४ वयोगटात उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्यांचे प्रमाण आठात सुमारे एक एवढेच होते. हा वयोगट १९४१ ते १९५० या काळात जन्मलेल्यांचा आहे. युरोपातील एका जुन्या साम्राज्याच्या मायभूमीतील हे चित्र आहे. त्याचे कारण कायद्याच्या इतिहासात सापडते. १९३० साली तेथील सक्तीचे शिक्षण तीन वर्षांवर आणले गेले. चार वर्षांची सक्ती मुलांसाठी १९५६ मध्ये आणि मुलींसाठी १९६० मध्ये आली. सहा वर्षांची सक्ती १९६४ मध्ये झाली आणि ती खेड्यापाड्यांत पोहोचवण्यासाठी १९६५ पासून दूरचित्रवाणीवरून धडे देण्याचा उपक्रम सुरू करावा लागला. नऊ वर्षांची सक्ती येण्यास १९८६ साल उजाडले. सालाझार यांच्या राजवटीला नम्र, कष्टाळू आणि थोडे वाचता येणारा शेतकरी पुरेसा वाटत होता. दहा-अकराव्या वर्षीच मुलांची वाट दोन दिशांना फुटत असे. लिसेवकडे मोजकी मुले जात, काही तांत्रिक शाळेत जात आणि उरलेली शेतावर किंवा कारखान्यात. १९६० मध्ये पोर्तुगालमधील तीनांतील एक माणूस निरक्षर होता आणि १९७० मध्येही हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते.

याच सुमारास गोवा, दमण व दीव येथील साक्षरता दहांतील सुमारे तीन अशी होती. म्हणजे वसाहत मायदेशाच्या बरीच मागे होती, हे खरेच. परंतु मायदेशातील प्रजेलाही माध्यमिक शाळेच्या दारापासून दूर ठेवणारे धोरण तेच होते. शिक्षण ही थोड्यांची गोष्ट आहे, हा विचार लिस्बनहून निघून पेडण्यापर्यंत आला होता. अंतर वाढत गेले तसा तो अधिक जाचक झाला, एवढाच फरक.

मोरजी : तीन वाटा आणि दोन नद्या

पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. नव्या काबिजादीतील या भागात पोर्तुगीज भाषेचे मूळ जुन्या काबिजादीइतके खोल कधीच गेले नाही. येथील मुलापुढे शिक्षणाच्या तीन वाटा होत्या आणि त्या तिन्ही वाटांची नोंद आजच्या कोष्टकात वेगवेगळ्या प्रकारे होते.

पहिली वाट सरकारी पोर्तुगीज शाळेची. ‘प्रिमेर ग्राव’ आणि ‘सेगुंद ग्राव’ या प्राथमिक परीक्षा देऊन मूल थांबत असे. पुढचे लिसेव पणजीला १८५४ पासून होते. मोरजीहून पणजी गाठायची तर शापोरा आणि मांडवी अशा दोन नद्या ओलांडाव्या लागत. रोजचे जाणे-येणे अशक्य, म्हणून राहण्या-जेवणाचा खर्च आला. हा खर्च भाटकाराच्या घराला झेपे, कुळाच्या किंवा रापणकाराच्या घराला झेपणे कठीण होते.

दुसरी वाट मराठी शाळेची. देवळाच्या मंडपात किंवा कोणाच्या ओसरीवर भरणाऱ्या शेणवीमामांच्या शाळेत वाचन, लेखन, मोडी आणि हिशेब शिकवले जात. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर हिंदू समाजाला मोकळीक मिळाली आणि गोव्यात मराठी शाळा व शिक्षणसंस्था लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या. ‘मुष्टिफंड’ या नावातच घराघरांतून मूठ-मूठ धान्य गोळा करण्याची कल्पना आहे. या वाटेने गेलेला माणूस पोथी वाचू शके, जमाखर्च ठेवू शके, पत्र लिहू शके. राज्याच्या दृष्टीने त्याच्याजवळ माध्यमिक असे काहीच नव्हते.

तिसरी वाट दुसऱ्या देशाची होती. पेडण्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी आणि तिच्या पलीकडे आधी ब्रिटिश व संस्थानी मुलूख, नंतर स्वतंत्र भारत. ज्या शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर यांनी १९२० ते १९३८ या काळात अध्यापन केले, ते शिरोडे तेरेखोलपासून जवळच आहे. सावंतवाडी, वेंगुर्ले, बेळगाव आणि मुंबई येथे नातेवाइकांकडे राहून मॅट्रिक होणे ही सीमेवरील होतकरू मुलांची वाट होती. बार्देशात हडफडे येथील सेंट जोसेफसारख्या शाळांतूनही मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकची तयारी होत असे. म्हणजे पोर्तुगीज प्रजेतील कित्येकांचे माध्यमिक शिक्षण शेजारच्या राज्याच्या परीक्षेतून झाले. दोन देशांची तुलना करताना हे शिक्षण कोणाच्या खाती मांडायचे?

ही तिसरी वाटही सर्वांना सारखी खुली नव्हती. परगावी राहून शिकायला पाठवले जात ते बहुधा मुलगे. १९५४-५५ पासून भारत सरकारने गोव्यावर आर्थिक निर्बंध घातले, सीमेवर परवाने आले आणि रेल्वे थांबली. त्यामुळे १९४० ते १९४८ या काळात जन्मलेल्या पेडण्याच्या मुलांना ऐन माध्यमिक वयात पलीकडे जाणे अवघड झाले. त्यांच्या आधीच्या मुलांना तेरेखोल ओलांडता येत होती आणि नंतरच्यांना गावाजवळ शाळा मिळाली. मधल्या या पिढीकडे कोष्टकात फक्त ‘वृद्ध’ म्हणून पाहिले, तर तिची कोंडी दिसतच नाही.

१९६१ आणि १९७४

तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा दोन तारखांचा आहे. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. पोर्तुगालमधील हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ रोजी संपली. म्हणजे लिस्बनच्या ज्या राजवटीने शाळेची दारे अरुंद ठेवली, तिच्यातून मोरजीचे मूल पोर्तुगालच्या मुलापेक्षा बारा वर्षांहून अधिक काळ आधी बाहेर पडले.

१९५५ मध्ये जन्मलेली दोन मुले डोळ्यांसमोर आणावीत. त्यांतील मोरजीचे मूल मुक्तीच्या वेळी सहा वर्षांचे होते. ते आठ वर्षांचे झाले तेव्हा, म्हणजे १९६३ च्या डिसेंबरात, पेडण्यातच जन्मलेले दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडण्याचे काम सुरू झाले. पोर्तुगालच्या आलेंतेजु प्रांतातील मूल मात्र एकोणीस वर्षांचे होईपर्यंत जुन्याच राजवटीत राहिले. सहा वर्षांच्या सक्तीचा कायदा झाला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, म्हणजे चार वर्षांचे शिक्षण संपवून कामाला लागण्याच्या बेतात होते.

यावरून मोरजीचे मूल अधिक शिकले असा निष्कर्ष काढायचा नाही. गरिबी, जात, मुलगी असणे, शाळेतील शिक्षकांची संख्या या गोष्टी शाळा उघडल्याबरोबर नाहीशा होत नाहीत. प्राथमिक शाळा गावात आली तरी हायस्कूल चार-पाच मैलांवर असे आणि पावसाळ्यात ते अंतर दुप्पट वाटे. मुद्दा इतकाच की ‘साठ वर्षांवरील’ हा एक गट नाही. १९५० पूर्वी जन्मलेले, १९५१ ते १९६० मध्ये जन्मलेले आणि त्यानंतरचे या तिघांचे बालपण तीन वेगवेगळ्या राज्यव्यवस्थांत गेले. पोर्तुगालमध्येही तसेच आहे, फक्त तेथील सांधे १९५६, १९६०, १९६४ आणि १९७४ या सालांवर आहेत. तुलना करायची तर ती जन्मसालाची जन्मसालाशी आणि मुलींची मुलींशी व्हायला हवी. वयाचा सरसकट गट घेतल्यास एका देशाचा स्वातंत्र्योत्तर काळ दुसऱ्या देशाच्या हुकूमशाहीशी जोडला जातो.

राज्याच्या निर्णयाने किती फरक पडतो, याचे तिसरे उदाहरण मोरजीच्या किनाऱ्यावरच दिसते. २००० नंतर येथे रशियन पर्यटक मोठ्या संख्येने येऊ लागले आणि दुकानांच्या पाट्यांवर त्यांची लिपी दिसू लागली. त्यांच्यातील वृद्धांची पिढी दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात वाढली. तरीही १९५८ मध्ये तेथे आठ वर्षांचे शिक्षण सक्तीचे झाले होते, म्हणून त्या वयोगटात शाळा अर्धवट सोडलेला माणूस विरळा. मोरजीत खोली भाड्याने देणारी आजी आणि ती खोली घेणारी तिच्याच वयाची पाहुणी यांच्या शिक्षणात जे अंतर आहे, ते दोघींच्या गुणांचे अंतर नाही.

मोजणीत हरवणारी माणसे

वृद्धांच्या आकडेवारीत आणखी तीन गळत्या असतात. पहिली स्थलांतराची. पेडण्याहून मुंबईस जाऊन मॅट्रिक झालेला आणि गिरगावातच स्थायिक झालेला माणूस महाराष्ट्राच्या खात्यात जमा होतो. मोरजीच्या वाट्याला राहतात ते न शिकलेले. पोर्तुगालमध्ये १९६० नंतर खेड्यांतील अल्पशिक्षित मजूर मोठ्या संख्येने फ्रान्सला गेले. तेथे गळती उलट दिशेने झाली. दुसरी गळती मृत्यूची. शिकलेला व सुस्थितीतला माणूस सरासरीने अधिक जगतो, त्यामुळे ऐंशीच्या पुढील गट जन्मला तेव्हा होता त्यापेक्षा अधिक शिकलेला भासतो.

तिसरी गळती लिपी आणि संस्था यांची आहे व ती या नियतकालिकाच्या वाचकांच्या विशेष परिचयाची आहे. डिचोली, साखळी या भागांतील किंवा कोकणपट्टीतील अनेक मुस्लिम वृद्धांचे शिक्षण मक्तबात झाले. जनगणनेच्या व्याख्येनुसार कोणत्याही भाषेत समजून वाचता-लिहिता येणारा माणूस साक्षर असतो आणि त्यासाठी औपचारिक शिक्षणाची अट नाही. म्हणून उर्दूत पत्र लिहिणारी वृद्धा साक्षर ठरते, पण तिची नोंद ‘शैक्षणिक पातळी नसलेले साक्षर’ या रकान्यात जाते. मोडीत हिशेब ठेवणारा शेणवीमामांचा विद्यार्थीही त्याच रकान्यात तिच्या शेजारी येऊन बसतो. धर्म निराळा, लिपी निराळी, पण दोघांची अवस्था एकच.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने देशातील १७ वर्षे व त्यावरील लोकसंख्येत मॅट्रिक पूर्ण केलेल्यांचे प्रमाण २६ टक्के, तर मुस्लिमांत १७ टक्के असल्याचे दाखवले. समाजाच्या मागासलेपणाचा पुरावा म्हणून हा आकडा सतत उद्धृत होतो आणि तो योग्यही आहे. परंतु त्यात सतरा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांची तिची आजी एकत्र मोजली गेली आहे. आजीच्या काळची उणीव आज कोणत्याही शाळेने भरून निघणारी नाही, नातीची निघू शकते. दोघींसाठी उपाय वेगळे आहेत. एकत्र आकड्याने हे वेगळेपण झाकले जाते आणि काही वेळा समाजाच्या स्वभावालाच दोष देण्याची सोय होते.

पोर्तुगालने केलेली दुरुस्ती

आतापर्यंतच्या चर्चेवरून वृद्धांचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ आहे, असे वाटेल. पोर्तुगालचा अलीकडचा अनुभव याला अपवाद आहे. २००० नंतर त्या देशाने प्रौढांनी काम व जीवन यांतून मिळवलेल्या ज्ञानाला मान्यता देण्याची पद्धत सुरू केली. २००५ मध्ये ‘नोव्हास ओपुर्तुनिदादस’, म्हणजे नव्या संधी, या नावाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला गेला. यात प्रौढ माणूस मार्गदर्शकाच्या मदतीने आपल्या आयुष्याची आणि कामाची हकीकत लिहून एक संचिका तयार करतो. आपण काय जाणतो, ते तो पुराव्यानिशी मांडतो. उणे असेल तेवढेच शिकतो आणि परीक्षकांच्या मंडळापुढे उभा राहतो. त्याला नववीच्या, पुढे बारावीच्याही, बरोबरीचे प्रमाणपत्र मिळू शकते.

या कार्यक्रमावर टीका झाली. प्रमाणपत्रे स्वस्त झाली, आकडे सुधारण्यासाठीच हा खटाटोप आहे, असे आक्षेप घेतले गेले. २०११ नंतरच्या आर्थिक संकटात तो गुंडाळला गेला आणि २०१६-१७ पासून ‘क्वालिफिका’ या नावाने त्याच विचाराचे नवे रूप उभे राहिले. टीकेत तथ्य नव्हते असे नाही. परीक्षण सैल झाले तर प्रमाणपत्राला किंमत राहत नाही आणि त्याचा तोटा ते घेणाऱ्या गरिबालाच होतो. तरीही त्या देशाने एक गोष्ट मान्य केली, ती महत्त्वाची आहे. जुन्या राजवटीने नाकारलेल्या शाळेची भरपाई करण्याची जबाबदारी नव्या राज्याची आहे, त्या नागरिकाची नव्हे.

या कार्यक्रमामुळे तुलनेत आणखी एक गुंता शिरतो. पोर्तुगालमध्ये पन्नाशीतल्या माणसाचा दर्जा त्याने शाळेत न जाताही वाढू शकतो. भारतात तो जवळपास वाढत नाही. त्यामुळे आजच्या कोष्टकांतील फरक हा काही अंशी शाळांचा नसून मान्यतेच्या धोरणाचा आहे.

कायद्याचीही तुलना उद्बोधक आहे. २००९ साली पोर्तुगालने सक्तीचे शिक्षण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत नेले. त्याच २००९ साली भारताने सहा ते चौदा वयोगटासाठी शिक्षणहक्काचा कायदा केला. तेथे तरुणांतील चित्र पालटले असून २५ ते ३४ वयोगटातील पाचांपैकी चारांहून अधिक जणांचे उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण झालेले आहे. भारतात दहावी ही अद्याप हक्काची पायरी झालेली नाही. आज नववीत शाळा सोडणारे मूल चाळीस वर्षांनी वृद्धांच्या कोष्टकात दिसेल आणि तेव्हाचे अभ्यासक त्याचे कारण आपल्या कायद्यात शोधतील.

कम्युनिटी कॉलेजसाठी अर्थ

गोव्याने मे २०२५ मध्ये पूर्ण साक्षर राज्य असल्याची घोषणा केली. साक्षरतेचा प्रश्न असा मार्गी लागत असताना त्याच्या पुढच्या पायरीचा प्रश्न स्पष्टपणे समोर येतो. साक्षर ठरलेली मोरजीची पासष्ट वर्षांची स्त्री खोल्या भाड्याने देते, पाहुण्यांशी मोडक्या इंग्रजीत आणि थोड्या रशियनमध्ये बोलते, पंचायतीची कागदपत्रे सांभाळते, बचत गटाचा हिशेब ठेवते. एखाद्या अभ्यासक्रमासाठी ती आली, तर दहावी उत्तीर्ण नाही म्हणून अर्ज बाजूला पडतो. जिच्या वाट्याला शाळा आली नाही, तिला शाळेच्या दाखल्यावाचून आत घेत नाही, अशी ही स्थिती आहे.

उपलब्ध मार्ग अगदीच नाहीत असे नव्हे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी व आठवीच्या बरोबरीचे तीन स्तर आहेत. तिच्या माध्यमिक परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही. नोंदणी पाच वर्षे चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि मराठी व उर्दू ही माध्यमेही उपलब्ध आहेत. पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय आपल्या कौशल्य योजनांत आहे. मात्र तिच्यातून कामाचे प्रमाणपत्र मिळते, दहावीची बरोबरी मिळत नाही. स्वयंपाक येतो याचा दाखला मिळतो, पण तो स्वयंपाक करताना लागणारे गणित, भाषा आणि व्यवहारज्ञान शिक्षण म्हणून मोजले जात नाही. पोर्तुगालच्या पद्धतीतून घेण्यासारखे काही असेल तर ते हेच. कौशल्य आणि शालेय पातळी यांच्यामध्ये एक पूल असू शकतो, आणि त्या पुलावर परीक्षकाची चौकीही कडक ठेवता येते.

निष्कर्ष

वृद्धांच्या माध्यमिक शिक्षणाची दोन देशांत तुलना करताना किमान तीन पथ्ये पाळली पाहिजेत. एक, दोन्हीकडे शिक्षणाची वर्षे तीच आहेत का ते पाहावे, नावे नव्हेत. दोन, वयोगटाऐवजी जन्मसाल घ्यावे आणि त्या सालच्या मुलाला, तसेच मुलीला, कोणते राज्य व कोणती शाळा मिळाली ते पाहावे. तीन, जे शिक्षण शेजारच्या राज्यात, अन्य लिपीत किंवा सरकारी चौकटीबाहेर झाले ते कोठे गेले, याची विचारणा करावी. ही पथ्ये पाळली की पोर्तुगाल व मोरजी यांच्या तुलनेतून एका राष्ट्राची श्रेष्ठता किंवा दुसऱ्याचे मागासलेपण सिद्ध होत नाही. एकाच राजवटीने दोन ठिकाणच्या गरिबांना शाळेपासून कसे दूर ठेवले आणि ती राजवट गेल्यावर दोन्ही समाजांनी ते अंतर वेगवेगळ्या मार्गांनी कसे कापले, हे त्यातून समजते.

कम्युनिटी कॉलेजच्या प्रवेश अर्जावर ‘शैक्षणिक पात्रता’ हा एक ओळीचा रकाना असतो. प्रौढांच्या बाबतीत त्याच्या खाली आणखी चार प्रश्न सहज छापता येतील : जन्मसाल, शिक्षण कोठे व कोणत्या भाषेत, कितव्या इयत्तेपर्यंत, आणि थांबण्याचे कारण. अर्ज भरून घेणाऱ्या अध्यापकाचे त्यासाठी दहा मिनिटे अधिक जातील. एका वर्षात अशा शंभर अर्जांतून जी माहिती गोळा होईल, ती आपल्या तालुक्यातील वृद्धांविषयी कोणत्याही आंतरराष्ट्रीय कोष्टकापेक्षा अधिक सांगेल आणि त्यांच्यासाठी कोणता वर्ग उघडायचा, हेही सांगेल.